हजेरी पुस्तकात नसलेलं नाव

आमगावकर मित्रांनो, पोस्ट लांब आहे. सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवण झाल्यावर वाचा. ज्यांच्याकडे पाच-दहा माणसं कामाला आहेत त्यांनी वाचाच, आणि जे दुसऱ्याकडे कामाला जातात त्यांनी तर आधी वाचा.

गेल्या महिन्यात मी आणि माझा धाकटा भाऊ आमच्या राईस मिलची ईएसआय नोंदणी करायला बसलो. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कामावर माणसाला इजा झाली तर इलाज, बुडालेली मजुरी आणि कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शनसारखी रक्कम या योजनेतून मिळते. आमच्याकडे बारमाही अकरा माणसं आहेत. दिवाळीनंतर धान यायला लागलं की मुकादमाचे हमाल धरून वीसच्या वर जातात. आमची कागदपत्रं बघणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, "नऊच दाखवा जी. दहावा दाखवला की अडकले समजा." भाऊही म्हणाला, नऊच टाकू.

मी त्या दिवशी फॉर्म बंद केला. कारण सांगायला मला बाबांच्या काळात जावं लागेल.

१९८८ साली आमच्या मिलमध्ये एक अपघात झाला. मी तेव्हा शाळेत होतो. हलरचा पट्टा पुलीवरून घसरला होता. मोटर बंद न करताच पट्टा चढवायचा, ही त्या काळची सगळ्याच मिलमधली पद्धत. मोटर बंद केली की पुन्हा सुरू करताना वेळ जातो, आणि बाहेर बैलगाड्यांची रांग. एका हमालाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय तिसेक वर्षांचं. बाबांनी त्यांना त्याच घडीला गोंदियाला नेलं, दवाखान्याचा सगळा खर्च केला, बाराशे रुपये रोख दिले आणि वर्षभर महिन्याला एक कट्टा तांदूळ घरी पाठवला. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या कागदावर अंगठा घेतला, "माझी मालकाबद्दल काही तक्रार नाही." गावात सगळे म्हणायचे, मालक देवमाणूस आहे. मीही तेच ऐकत मोठा झालो.

आता जुनी कपाटं उपसली तेव्हा तो कागद सापडला आणि १९८८ चं हजेरी पुस्तकही सापडलं. त्या पुस्तकात त्या हमालाचं नावच नाही. सहा वर्षं ते आमच्याकडे कामाला होते.

मग मी वाचायला लागलो. माझं शिक्षण बीकॉम, वकील नाही. पण हा इतिहास आपल्या भागाशी इतका जोडलेला आहे हे मला माहीतच नव्हतं.

सुरुवात नागपुरातून करू. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. या मिलने १८९५ पासून कामावर जखमी झालेल्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हा हिंदुस्थानात असा कायदाच नव्हता. इंग्लंडमध्येही असा कायदा १८९७ ला आला. जर्मनीत मात्र बिस्मार्कने १८८४ लाच अपघात विमा सक्तीचा केला होता आणि त्याचा पैसा मालकांच्या वर्गणीतून येत होता. नागपूरच्या मिलने हे आपणहून केलं, म्हणून कौतुक आहेच. पण आपणहून दिलेलं आणि हक्काचं यातला फरक आमच्या घरातल्या त्या कट्टाभर तांदळात आहे. कट्टा बंद झाला तेव्हा विचारणार कोणाला?

हक्क आला १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. १९२० ला मुंबईत आयटक स्थापन झाली होती, आणि तिच्या संस्थापकांपैकी नारायण मल्हार जोशी दिल्लीच्या विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. या कायद्यातली मोठी गोष्ट ही, की मालकाची चूक सिद्ध करायची गरज ठेवली नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली, एवढं पुरे. त्याआधी जखमी माणसाने कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा होता. दोन बोटं गेलेला हमाल ते करणार कसा?

आता या कायद्याची पहिली अनुसूची वाचा. मी ती वाचून रात्रभर झोपलो नाही. त्यात माणसाच्या शरीराच्या एकेका अवयवापुढे टक्के लिहिले आहेत. अंगठा ३०. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०. (बेरीज जुळवत बसू नका, यादी अशीच आहे.) हे टक्के म्हणजे कमावण्याची ताकद किती गेली त्याचं माप. आणि ही यादीही शेवटची नाही. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९७५ साली मानलं की सुतारासाठी हे शंभर टक्के अपंगत्व आहे. एका हाताने सुतारकाम होत नाही.

मी बाबांचा हिशेब मांडला. १९८८ ला त्या हमालाची मजुरी महिन्याला साधारण ४०० रुपये. तेव्हाच्या सूत्राप्रमाणे पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या निम्मे, म्हणजे २००, गुणिले तिसाव्या वर्षाचा गुणांक २०७.९८. होतात ४१,५९६. त्याचे २० टक्के म्हणजे ८,३१९ रुपये. बाबांनी रोख दिले १,२००. तांदळाचे बारा कट्टे त्या वेळच्या भावाने धरले तरी आकडा जुळत नाही.

आणि तो अंगठ्याचा कागद? त्या कायद्याचं १७ वं कलम सांगतं की कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा कोणताही करार रद्दबातल. म्हणजे आमच्या कपाटात छत्तीस-सदतीस वर्षं जपून ठेवलेला कागद पहिल्या दिवसापासून रद्दी होता. "रोजंदारीचा होता", "मुकादमाचा माणूस होता" हेही चालत नव्हतं. यंत्रावर चालणाऱ्या मिलमधला हमाल मालकाच्या धंद्याचंच काम करतो, त्यामुळे तो कायद्यात होता. ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारीही १२ व्या कलमाने मूळ मालकावर टाकली होती. बाबांना हे माहीत होतं का? माहीत नव्हतं असं मला मनापासून वाटतं. पण नाव हजेरीत का नव्हतं, याचं उत्तर मला देता येत नाही. दावा करायला दोन वर्षांची मुदत होती. ती केव्हाच गेली.

इथेच १९२३ च्या कायद्याची मोठी फट आहे. त्याने हक्क दिला, पण मालकाला आधी कुठे नोंदणी करायला लावली नाही, विमाही सक्तीचा केला नाही. अपघात झाल्यावर माणसाने सिद्ध करायचं की मी याच्याकडे कामाला होतो. नाव पुस्तकात नसेल तर पहिली लढाई तिथेच.

आपल्या विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात ही लढाई सगळ्यात जास्त विडीवर झाली. गोंदिया-भंडाऱ्यात ज्यांच्या घरी आजी-काकू विड्या वळायच्या त्यांना सांगायला नको. सट्टेदार कारखान्यातून पत्ता आणि तंबाखू घेऊन जायचा, गावात माणसांकडून वळून घ्यायचा, हजारामागे मजुरी, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीची मजुरी कापायची. मालक म्हणायचा, ही माझी माणसंच नाहीत. सागरच्या एका कारखान्यात फॅक्टरी इन्स्पेक्टरला सट्टेदार दिसले, त्यांची नावं रजिस्टरमध्ये नव्हती, म्हणून खटला झाला. १९५८ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार, कामगार नव्हेत. १९६१ ला नागपूरच्या विडी कामगारांचं प्रकरण आलं. ते कारखान्यात बसून वळायचे, हजेरी लागायची, रजेचा पगार मागत होते. कोर्टाने त्यांना कामगार मानलं. त्याच वर्षाच्या शेवटी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी कामगाराबद्दल बहुमताने उलटा निकाल आला, कारण तो मनाला येईल तेव्हा येत-जात होता. न्यायमूर्ती सुब्बाराव मात्र सहमत नव्हते. एकाच पानाची एकच विडी, पण कोण कुठे बसून वळतो त्यावर माणूस "कामगार" ठरतो की नाही! शेवटी १९६६ ला विडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा आला आणि घरी बसून वळणारी बाईही त्यात आली.

म्हणून मला १९४८ चा ईएसआय कायदा महत्त्वाचा वाटतो. त्याची मांडणी अर्थतज्ज्ञ प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. (याच बाबासाहेबांना १९५४ ला आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीत आपल्याच लोकांनी पाडलं, तो विषय पुन्हा कधी.) या कायद्यात नाव अपघाताच्या आधी लिहावं लागतं. मालक आणि कामगार दोघेही दर महिन्याला थोडं भरतात, आणि इजा झाल्यावर पैसे मालकाच्या खिशातून किंवा मनाच्या मोठेपणातून येत नाहीत. योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आजच्या महाराष्ट्रात ती पहिल्यांदा आली ती मुंबईत नव्हे, नागपुरात, ११ जुलै १९५४ ला. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. मुंबईला ती ऑक्टोबरमध्ये पोचली. नागपूरहून आमगाव दीडशे किलोमीटर, हावड्याच्या मेन लाइनवर. पण पुढे ही योजना अधिसूचना निघेल तसतशी एकेका भागात लागू होत गेली, आणि आमच्यासारखे मालक "आपल्याकडे कुठे असतं ते" म्हणत बसले. हे मी स्वतःला धरून बोलतोय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९२३ चा आणि १९४८ चा, दोन्ही कायदे सामावले आहेत. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय देशभर. दहापेक्षा कमी असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार मिळून आपणहून येऊ शकतात. नऊ दाखवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. ईएसआयमध्ये नसलेल्या माणसाची भरपाई आजही थेट मालकावरच येते.

ती किती येते? जुन्या सूत्रानेच बघा. बारा हजार मजुरीचा तीस वर्षांचा माणूस मिलमध्ये दगावला तर ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. उशीर केला तर १२ टक्के व्याज आणि वर दंड. लहान मिलवाल्याची एक धानाची सीझन त्यात जाते. उलट ईएसआयचा दर मालकाला मजुरीच्या ३.२५ टक्के, कामगाराला ०.७५. दहा माणसं बारा हजारांवर असतील तर मालकाचे महिन्याला ३,९०० आणि प्रत्येक माणसाचे ९०. इजेच्या लाभासाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. कामाच्या पहिल्या दिवशी हात सापडला तरी लाभ आहे.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ईएसआयचं मोठं रुग्णालय नागपूरला सोमवारी पेठेत. आमगावच्या हमालाला तिथे पोचायला गाडी, सोबत एक माणूस आणि दोन दिवसांची मजुरी लागते. मजुरीतून पैसे कापायचे आणि इलाज दीडशे किलोमीटरवर ठेवायचा, याची तक्रार कामगारांनी केली तर ती रास्त आहे. आपल्या लोकप्रतिनिधींनी गोंदिया जिल्ह्यासाठी हे मागायला पाहिजे. पण मागायला आधी आकडा लागतो, आणि आपण नऊ-नऊ दाखवत राहिलो तर या जिल्ह्यात कामगार आहेत हे सरकारला दिसणार कुठून?

भावाशी दोन दिवस वाद झाला. तो म्हणाला, शेजारचा दाखवत नाही, आपणच का? खर्च आपल्याच तांदळावर चढणार. त्याचंही चुकीचं नाही, स्पर्धा आहे. शेवटी मी त्याला १९८८ चं पुस्तक दिलं आणि म्हटलं, यात ते नाव शोध. त्याने सगळी पानं उलटली. मग काही बोलला नाही.

आम्ही अकराही नावं भरली. सतरा आकडी कोड आला. सीझनला मुकादमाची माणसं येतील तेव्हा त्यांचीही नावं चढवायची ठरलं आहे. मुकादम कुरकुरतो आहे. मोटर बंद केल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही, हा बोर्डही आता लावला. तो खरं तर आधी लागायला हवा होता.

ते हमाल आता सत्तरीच्या घरात आहेत. मी त्यांच्याकडे ८,३१९ रुपयांचा हिशेब घेऊन गेलो होतो. इतक्या वर्षांचं व्याज कसं लावायचं ते मला अजून कळलेलं नाही. ते हसले आणि म्हणाले, "तुझे बाबा चांगले होते रे बापू." मी कागद खिशातच ठेवला.

त्यांचा मुलगा आमच्याकडेच कामाला आहे. यादीत त्याचं नाव अकरावं. त्याच्या आधार कार्डावर जन्मतारीख चुकलेली आहे, त्यामुळे विमा क्रमांक अडकलाय. उद्या सकाळी त्याला घेऊन आधार केंद्रावर जातो आहे.