मोसमाबाहेरचा खेळ

फेब्रुवारीत ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना उरकला, की लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याच्या त्या अमेरिकी फुटबॉलचे व्यावसायिक मैदान थेट सप्टेंबरपर्यंत मोकळे राहते. आणि तरीही त्या देशातील मद्यगृहांत, कचेऱ्यांत व रात्री उशिरापर्यंत रेडिओवर चालणाऱ्या संभाषणांत या खेळाची चर्चा ज्या आवेशाने याच रिकाम्या महिन्यांत रंगते, त्या आवेशाने ती ऐन मोसमातही क्वचितच रंगत असेल. मार्चमध्ये कराराची मुदत संपलेला कोणता खेळाडू कोणत्या संघास जाऊन मिळाला, एप्रिलमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी कोण कोणाच्या वाट्यास आला, यावर लक्षावधी माणसे आपापली मते निष्ठेने मांडतात, आणि ती ऐकणाऱ्या परक्याला मार्च व एप्रिल हे एकाच उत्सवाचे दोन दिवस वाटावेत. वस्तुतः एप्रिलमधील निवडीची प्रथा 1936 पासून चालत आली आहे, तर मार्चमधील स्थलांतराचा हक्क 1993 साली प्राप्त झाला; पहिली गोष्ट मालकांनी एका बैठकीत ठरवून टाकली, दुसरीसाठी खेळाडूंना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मधल्या सत्तावन्न वर्षांची हकीकत चाहत्यांच्या बोलण्यात फारशी येत नाही, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

बर्ट बेल हा फिलाडेल्फियाच्या एका धनाढ्य आणि वजनदार घराण्यातला पुरुष. त्याचे वडील पेनसिल्व्हेनिया राज्याचे महाधिवक्ते होते. 1933 साली, आर्थिक मंदीने देश हैराण झालेला असताना, त्याने एका मित्राच्या भागीदारीत एका बुडीत संघाची सनद विकत घेतली आणि रूझवेल्ट सरकारच्या उद्योग-पुनरुज्जीवन खात्याच्या निशाणीवर जो निळा गरुड असे त्यावरून संघाचे नाव ‘ईगल्स’ असे ठेवले. नाव गरुडाचे असले तरी खजिना रिकामाच होता, आणि महाविद्यालयांतून नावारूपास आलेला कोणताही तरुण शिकागो, न्यूयॉर्क अशा श्रीमंत संघांकडे धाव घेई. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका नावाचा एक बलदंड खेळाडू मिळवण्यासाठी बेलने स्वतः खटपट केली, पण कोस्टका अखेर ब्रुकलिनच्या संघात गेला. हा अनुभव मनात ठेवून व्यावसायिक संघांच्या लीगमधील मालकांच्या मे 1935 च्या बैठकीत बेलने आपली योजना मांडली: मागील मोसमात सर्वांत खाली राहिलेल्या संघाने महाविद्यालयीन खेळाडूंमधून सर्वांत आधी निवड करावी, विजेत्याने सर्वांत शेवटी, आणि एकदा एखाद्या संघाने एखाद्याचे नाव उच्चारले की त्या तरुणाशी बोलणी करण्याचा मक्ता केवळ त्याच संघाचा राहावा.

शिकागोचा जॉर्ज हॅलस आणि न्यूयॉर्कचा टिम मारा या दोन बलाढ्य मालकांनी या योजनेस संमती दिली, ही गोष्ट त्यांच्या दूरदृष्टीचा पुरावा म्हणून आजही सांगितली जाते, आणि ती दूरदृष्टी मी नाकारीत नाही. दुबळे संघ दिवाळ्यात गेले तर सामने खेळायचे कोणाशी, हा व्यवहार त्यांना कळत होता. पण या योजनेचा दुसरा लाभ त्यांच्या तितकाच ध्यानी आला असला पाहिजे. एका तरुणासाठी दोन मालकांनी चढाओढ करण्याचा प्रसंगच उरला नाही, तर त्याचा मोबदला वाढणार कसा? आपल्याकडील क्रिकेटच्या लिलावात खेळाडूचे भाव निदान चढते बोलले जातात. येथे बोलीला थाराच नव्हता, होती ती केवळ पाळी. दुर्बळ संघास न्याय आणि मजुराच्या दरास बंधन, ही दोन्ही उद्दिष्टे एकाच ठरावात अशी एकजीव झाली होती की त्यांना पुढे कोणालाही सहज वेगळे करता आले नाही.

8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्ल्टन हॉटेलात नऊ संघांचे प्रतिनिधी जमले, फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिली गेली, आणि नऊ फेऱ्यांत एक्याऐंशी तरुणांची वाटणी झाली; त्या तरुणांपैकी कोणी तेथे हजर नव्हता, कोणाला विचारलेही नव्हते. 1935 च्या मोसमात अकरांपैकी नऊ सामने हरलेल्या ईगल्सची पाळी अर्थातच पहिली होती. बेलने शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वॅन्गरचे नाव घेतले. पुढे हाइझमन या नावाने प्रसिद्ध झालेल्या पारितोषिकाचा हा पहिला मानकरी. त्याचे वेतन झेपणार नाही हे ओळखून बेलने त्याच्यावरील हक्क हॅलसला देऊन टाकला, हॅलसलाही बर्वॅन्गरची मागणी मानवली नाही, आणि निवडीच्या इतिहासातील पहिला पुरुष व्यावसायिक मैदानावर एकही सामना न खेळता रबराच्या धंद्यात शिरला. त्या वर्षी ईगल्सने निवडलेल्या नऊ जणांपैकी एकही संघात रुजू झाला नाही. त्याच वर्षी झालेल्या जाहीर लिलावात संपूर्ण संघ बेलने साडेचार हजार डॉलरांना घेतला, यावरून त्या काळी या धंद्याची किंमत किती होती ते कळावे.

निवड करायची म्हणजे माहिती हवी, आणि आरंभीच्या काळात ती वर्तमानपत्रांतून व नियतकालिकांतून गोळा केली जाई; टिम माराचा मुलगा वेलिंग्टन याने अशी कात्रणे जमवून नावांच्या याद्या सिद्ध केल्या. युद्धानंतर लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने देशभर हिंडून खेळाडू पाहणारा पूर्णवेळ पारखी नेमला, तेव्हा ही एक स्वतंत्र विद्या झाली. परंतु या पारख्यांच्या दृष्टीस एक मोठा प्रदेश दीर्घकाळ दिसतच नव्हता. 1934 पासून 1945 पर्यंत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. निवडीच्या यादीत पहिला कृष्णवर्णीय, जॉर्ज टॅलिआफेरो, आला तो 1949 साली, तोही तेराव्या फेरीत. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत कोण कसा खेळतो याची नोंद ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या पत्राचा संपादक बिल नन हा वर्षानुवर्षे ठेवीत आला होता, आणि त्याच्या निवडक संघाची यादी दरसाल छापली जाई. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाने त्यालाच आपल्या पदरी घेतले. 1974 च्या निवडीत स्टीलर्सनी ज्यांना उचलले त्यांपैकी चौघे पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले. त्यांतला जॉन स्टॉलवर्थ अलाबामातील अशाच एका महाविद्यालयाचा होता, आणि कोणीच न निवडलेला डॉनी शेल साउथ कॅरोलायनातील तशाच दुसऱ्या महाविद्यालयातून त्याच वर्षी संघात आला. स्टीलर्सच्या त्या दशकातील चार अजिंक्यपदांचे श्रेय प्रशिक्षकास आणि बचावफळीस भरपूर मिळाले. ननला कीर्तिमंदिरात स्थान मिळाले ते 2021 साली, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

आता खेळाडूंच्या बाजूची कैफियत. डेट्रॉइटचा बिल रॅडोविच याचे वडील लॉस एंजेलिस येथे आजारी होते, म्हणून त्याने तिकडच्या संघात बदली मागितली. मालकाने ती नाकारली. 1946 साली तो एका प्रतिस्पर्धी लीगच्या लॉस एंजेलिस येथील संघात गेला, तेव्हा जुन्या लीगने त्याचे नाव काळ्या यादीत घातले, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एका दुय्यम संघाने देऊ केलेले कामही त्या यादीमुळे हातचे गेले. भोजनगृहात वाढप्याचे काम करीत असता त्याची जोसेफ अलिओतो या वकिलाशी गाठ पडली, जो पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर झाला. त्याच्यामार्फत रॅडोविचने लीगवर दावा लावला, आणि 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने फैसला दिला की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट आहे ती फुटबॉलला नाही. पुढच्या प्रत्येक दाव्याचा पाया या एका वाढप्याच्या फिर्यादीने घातला, आणि मला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा पुरुष वाटतो. याच 1957 साली बेल, जो आता लीगचा आयुक्त झाला होता, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभा राहून खेळाडूंच्या संघटनेस मान्यता देऊन मोकळा झाला. मालकांशी पुरती मसलतही त्याने केली नव्हती. बंधन घालणाराही तोच आणि पहिली गाठ सैल करणाराही तोच, हे बेलच्या चरित्रातील वैशिष्ट्य विसरता येत नाही. 1959 साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर ईगल्स आणि स्टीलर्स यांचा सामना पाहत असतानाच त्याला मृत्यू आला.

1960 साली दुसरी लीग उभी राहिली आणि काही वर्षे मालकांना पुन्हा परस्परांवर चढाओढ करावी लागली. तरुण खेळाडूंना निवडीच्या दिवशी मोटेलांत लपवून ठेवण्यापर्यंत मजल गेली, आणि कॅन्सस सिटीच्या पारख्याने 1964 साली ओटिस टेलर नामक खेळाडूस डॅलसनजीकच्या अशाच एका मोटेलाच्या खिडकीतून पळवून नेले. 1966 साली दोन्ही लीगमध्ये विलीनीकरणाचा तह झाला, 1967 पासून निवड एकत्र होऊ लागली, आणि खेळाडूच्या पुढची दुसरी वाट बंद झाली.

राहिला तो कराराची मुदत संपलेल्या खेळाडूचा प्रश्न. नवा आयुक्त पीट रोझेल याने 1963 साली असा दंडक घातला, की मुदत संपलेला खेळाडू अन्य संघात गेला तर नव्या संघाने जुन्यास भरपाई द्यावी, आणि ती आपसांत न ठरल्यास आयुक्त सांगेल ती द्यावी. भरपाईत कोणता मोलाचा खेळाडू जाईल याचा नेम नाही, तेव्हा कोणता मालक असा सौदा करील? पुढल्या बारा वर्षांत मुदत पुरी करून मोकळे झालेले 176 खेळाडू होते, आणि त्यांतले केवळ 34 दुसऱ्या संघात जाऊ शकले. सावकाराच्या खात्यावर चढलेले कूळ जसे कागदोपत्री मोकळे आणि प्रत्यक्षात जखडलेले असे, तशीच ही अवस्था होती. बाल्टिमोरचा जॉन मॅकी, जो संघटनेचा अध्यक्षही होता, याने इतरांसह मिनिआपोलिसच्या न्यायालयात दावा लावला. 1975 च्या अखेरीस न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी तो दंडक बेकायदा ठरवला आणि पुढल्या वर्षी अपील न्यायालयाने निकाल मुख्यतः कायम केला. दुर्दैव असे, की 1977 च्या करारनाम्यात संघटनेने अन्य सवलतींच्या बदल्यात भरपाईची पद्धत निराळ्या स्वरूपात पुन्हा मान्य केली, आणि जिंकलेला किल्ला असा परत गेला. 1982 चा संप, 1987 चा संप, त्या दुसऱ्या संपात मालकांनी बदली माणसे उतरवून चालवलेले सामने, हे सारे होऊन गेले तरी दार उघडले नाही. 1989 साली मालकांनी प्रत्येकी सदतीस खेळाडू राखून उरलेल्यांना मोकळीक दिली, म्हणजे ज्यांना फारशी मागणी नव्हती त्यांना स्वातंत्र्य मिळाले. सप्टेंबर 1992 मध्ये पुन्हा मिनिआपोलिस येथेच, फ्रीमन मॅकनील व अन्य सात जणांच्या दाव्यात, ज्यूरीने ही योजनाही कायद्याविरुद्ध ठरवली, आणि तेव्हा कोठे मालक तहास आले. त्याच वर्षी मॅकी कीर्तिमंदिरात दाखल झाला, हा योगायोग मला फार समाधानाचा वाटतो.

मार्च 1993 मध्ये बाजार खुला झाला. त्या वसंतात सर्वांत अधिक मागणी होती ती रेजी व्हाइट या ईगल्सच्या बचावपटूस, जो धर्मोपदेशकही होता. त्याने निवडला तो ग्रीन बे, विस्कॉन्सिनमधला एक लहानसा, थंडीने गोठणारा गाव, ज्याचा संघ 1923 पासून सामान्य नागरिकांच्या भागभांडवलावर चालत आला आहे. चार वर्षांचे सतरा दशलक्ष डॉलर ठरले, आणि जानेवारी 1997 मध्ये त्या गावास अजिंक्यपद मिळाले. खेळाडू मोकळे झाले तर सगळे मोठ्या शहरांत जातील आणि लहान गावे ओस पडतील, ही मालकांची न्यायालयातील भीती पहिल्याच वर्षी निराधार ठरली.

चाहत्यांचा निवडीच्या विधीत प्रवेश झाला तो 1980 साली. नुकत्याच निघालेल्या ईएसपीएन या वाहिनीने निवडीचे थेट प्रक्षेपण मागितले. मालक प्रतिकूल होते, पण रोझेलने परवानगी दिली, आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलातून, एका मंगळवारी, नावे वाचण्याचा तो कार्यक्रम घराघरांत पोहोचला. तेव्हापासून चाहता हा केवळ प्रेक्षक राहिला नाही. मेल काइपरसारख्या भाष्यकारांच्या याद्या हाताशी ठेवून तोही पारखी झाला. 1999 साली फिलाडेल्फियाचे चाहते एका रेडिओ कार्यक्रमाच्या चालकांबरोबर बसगाडीने न्यूयॉर्कला गेले ते रिकी विल्यम्सचे नाव ऐकण्यासाठी, ज्याची शिफारस शहराच्या महापौरानेही केली होती. संघाने डोनोव्हन मॅकनॅबचे नाव उच्चारताच त्यांनी भर सभागृहात त्याची हुर्यो उडवली. ज्या तरुणाने स्वतः हे शहर निवडलेच नव्हते त्याला ते ऐकावे लागले, आणि त्यानेच पुढे त्या संघास सलग चार वर्षे परिषदेच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत, नेले. चाहत्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. 2025 साली ग्रीन बे येथे निवडीचे तीन दिवस जी सहा लक्षांची उपस्थिती नोंदली गेली ती प्रेमावाचून नव्हे. माझे म्हणणे मार्चमधील त्यांच्या मतांविषयी आहे. संघ सोडून जाणाऱ्यास बेइमान म्हणण्याची चाल अजून गेलेली नाही, आणि संघाने मुदतीआधी काढून टाकलेल्या खेळाडूविषयी तोच शब्द संघास कोणी लावीत नाही.

निवड तर आजही तशीच आहे. 2011 च्या करारनाम्याने नवागताचे वेतन त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून आधीच मुक्रर केले. निवडलेल्याची मुदत चार वर्षांची, आणि पहिल्या फेरीत घेतलेल्यास पाचवे वर्ष धरून ठेवण्याचा हक्क संघाचा. या आघाती खेळात पुष्कळांची कारकीर्द त्याहून आधीच आटोपते, म्हणजे रॅडोविच, मॅकी आणि मॅकनील यांनी मिळवलेला मार्च महिना त्यांच्या आयुष्यात उगवतच नाही. सध्याच्या करारनाम्याची मुदत 2030 च्या मोसमाअखेर संपते. नवागताची चार वर्षांची मुदत तीन वर्षांवर आणण्याची मागणी संघटनेने तेव्हा सर्वांत आधी मांडावी, आणि एप्रिलमध्ये या तरुणांची नावे ऐकण्यासाठी शेकडो मैलांवरून येणाऱ्या चाहत्यांनी त्या वेळी त्यांच्याच बाजूने उभे राहावे.