हमीदियातली ती रात्र

२ डिसेंबर १९८४ची रात्र. भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात एका टाकीत पाणी शिरलं आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’, झोपलेल्या वस्त्यांवर पसरलं. थोड्याच वेळात हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली. कुणाला डोळे उघडवत नव्हते, कुणाला श्वास घेता येत नव्हता.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना एवढंच कळायला हवं होतं, की हे कसलं विष आहे? कारखान्याकडून उत्तर आलं, की गॅसने डोळे चुरचुरतात, पण तो जीवघेणा नाही, पाण्याने धुवा. मग हाताशी होतं ते दिलं गेलं. डोळ्यांत थेंब, ऑक्सिजन, स्टेरॉइड.

‘मिक’ची पाण्याशी अभिक्रिया होते. त्यामुळे नाकातोंडावर ओला कपडा धरला असता तरी काही बचाव झाला असता. धावलं की श्वास वाढतो आणि गॅस जास्त आत जातो. वस्तीत हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून लोक जीव घेऊन पळत सुटले. लोकांसाठीचा भोंगा तर सुरू होऊन लगेच बंद केला गेला होता.

पुढे सोडियम थायोसल्फेट द्यावं की नाही, यावर वाद पेटला. शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र सायनाइडसारख्या विषबाधेकडे बोट दाखवत होते. आयसीएमआरने ते औषध देण्याच्या बाजूने कौल दिला तोवर १९८५चा फेब्रुवारी उजाडला होता. मध्य प्रदेश सरकारच्या हिशेबात मृत्यू ३,७८७. पीडितांच्या संघटनांचे आकडे याच्या कितीतरी पट.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा कमी होते. झोप उडालेल्या, घाबरलेल्या हजारो माणसांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ भोपाळमध्ये नव्हते. तेव्हा डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि सहकाऱ्यांनी तिथल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांनाच मानसिक आजार ओळखायचं प्रशिक्षण दिलं.

कायदे नंतर आले. अमेरिकेत १९८६मध्ये रसायनांची माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क मान्य झाला. आपल्याकडे १९८७मध्ये कारखाने कायदा बदलला आणि १९८९च्या नियमांनी धोकादायक कारखान्यांबाहेरच्या परिसरासाठीही आपत्कालीन आराखडा बंधनकारक केला.

तुमच्या गावाजवळ एमआयडीसीत रसायनांचे कारखाने असतील, तर त्या आराखड्याची प्रत जवळच्या सरकारी दवाखान्यात आहे का, एकदा विचारून बघा. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला ती सापडायला हवी.