सहज आणि आगंतुक : दासबोधातील रूपविचार

आपले रूप सुधारावे आणि लोकांत आत्मविश्वासाने वावरावे, ही इच्छा अर्वाचीन काळाची व जाहिरातींची निर्मिती आहे, असा एक समज रूढ आहे. मराठी वाङ्मयाचा पुरावा त्यास अनुकूल नाही. रूपात पालटण्याजोगे काय व न पालटण्याजोगे काय, हा प्रश्न रामदासांनी (१६०८-१६८१) दासबोधाच्या चौदाव्या दशकातील चातुर्यलक्षणाच्या समासात स्पष्टपणे हाताळला आहे. त्यासाठी त्यांनी योजिलेले दोन शब्द, ‘सहज’ आणि ‘आगंतुक’, हे त्या विवेचनाचे मर्म होय.

समासाच्या आरंभीचा सिद्धान्त असा : रूपलावण्य अभ्यासाने येत नाही, सहज गुणांपुढे उपाय चालत नाही, म्हणून आगंतुक गुणांची कास धरावी. ‘सहज’ म्हणजे जन्मासह आलेले, हा शब्दाचा मूळ अर्थ येथे अभिप्रेत आहे. आजच्या मराठीत ‘सहज’ म्हणजे अनायास, सुलभ. त्यामुळे आजचा वाचक या ठिकाणी फसण्याचा संभव आहे. जे सुलभ ते नव्हे, तर ज्यावर कोणताच यत्न लागू पडत नाही, ते रामदासांच्या लेखी सहज होय.

‘आगंतुक’ या शब्दाचा प्रवास याहून उद्‌बोधक आहे. चरकसंहितेत रोगांचे निज व आगंतु असे भेद केले आहेत. आघातादी बाह्य कारणांनी उद्भवणारा रोग तो आगंतु. व्यवहारातील मराठीत आगंतुक म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. दोन्ही ठिकाणी बाहेरून येणारी वस्तू अनिष्टच मानली आहे. रामदासांनी हाच शब्द गुणाला जोडला आणि त्याचे मूल्य उलट केले. जे बाहेरून येते ते आणताही येते, आणि म्हणूनच ते शिकवण्यास व शिकण्यास योग्य, असा हा विचार आहे. अवगुण सोडल्याने जातात, उत्तम गुण अभ्यासाने येतात, आणि कारभार करता करता माणसाला उमज पडते, असे ते पुढे सांगतात. मान्यता हवीशी वाटते, तर मग या अभ्यासाची उपेक्षा का करावी, हा त्यांचा प्रश्न आहे. आत्मविश्वास हा शब्द तेथे नाही. परंतु त्याचे कारण तेथे सांगितले आहे : केलेल्या कामातून आलेली जाण.

यावरून रामदासांना देहाची पर्वा नव्हती, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. मूर्खलक्षणांच्या समासात दात, डोळे, नाक, हात, वस्त्र व पाय सदैव मलिन ठेवणाऱ्याची गणना त्यांनी मूर्खांत केली आहे. या यादीत वर्णाचा अथवा ठेवणीचा उल्लेख नाही. जे पाण्याने व नित्याच्या सवयीने साधते तेवढेच आहे. चरकाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे धोरणही हेच दिसते. दंतधावन, अभ्यंग, स्नान, निर्मळ वस्त्र, केशनखकर्तन यांचे विधान तेथे आहे. तेलाने घडा, कातडे व गाडीचा आस जसे टिकाऊ होतात तसे अभ्यंगाने शरीर, हा दृष्टान्त संसारी माणसाच्या अनुभवातील आहे. अष्टांगहृदय व्यायामही अर्ध्या शक्तीनेच करावयास सांगते. मात्र केवळ नेटका शृंगारलेला देह चातुर्यावाचून वाया जातो, ही मर्यादा रामदास जोडतात.

या विवेचनातील उणीव झाकणे योग्य होणार नाही. सहज गुणाचे पहिलेच उदाहरण, काळा माणूस गोरा होत नाही, हे आहे; त्यापाठोपाठ मुके, आंधळे, बहिरे व पांगळे येतात. काळेपणा हे वैगुण्य कसे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. शिवाय सहजाची सीमाही अचल राहिलेली नाही. मोतीबिंदूने आलेले अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होते, आणि बहिऱ्या मुलांना खुणांच्या भाषेतून विद्या मिळते. उदाहरणे अशी डळमळतात. तत्त्व मात्र टिकते.

त्या तत्त्वाचा अर्वाचीन प्रयोग औंध संस्थानात झाला. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) प्रथम सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. परकीय साधनाकडून साधनरहित व्यायामाकडे झालेले हे स्थित्यंतर लक्षणीय आहे, कारण त्यामुळे सुदृढ देह ही खर्चाची बाब न राहता नित्यनेमाची बाब झाली. सक्तीने नेम लागतो, आवड लागतेच असे नाही, हा आक्षेप येथे घेता येईल. तथापि साधनाच्या किमतीमुळे कोणी या अभ्यासास मुकावयाचे कारण उरले नाही.

सारांश, मराठी परंपरेने रूपाच्या इच्छेला तुच्छ लेखले नाही, तसेच खोटे आश्वासनही दिले नाही. गोरेपणाची हमी देणारे मलम ‘सहज’ ते पालटू पाहते आणि ‘आगंतुक’ ते विसरावयास लावते. रामदासांचा क्रम याच्या नेमका उलट आहे, आणि दोन शब्दांच्या अर्थभेदात तो आजही सुरक्षित आहे.