गाणारा गव्हर्नर

कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस गवई व्हावा आणि गवयाचा पुढे राज्याचा प्रमुख व्हावा, हे कादंबरीतले वाटेल. पण अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ते खरोखर घडले. तिथला गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडला जातो. आपल्याकडे मुख्यमंत्री पाहतात तसा कारभार तो पाहतो.

या गृहस्थांचे नाव जिमी डेव्हिस. जन्म १८९९ चा. घर गरिबीचे, आईबाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. मुलगा मात्र एम. ए. झाला आणि श्रीव्हपोर्ट शहरातील मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागला. गळा गोड होता. रेडिओवर गाणी झाली आणि तबकड्या निघू लागल्या. त्यांत गावाकडची विरहाची गाणी होती, तशीच चारचौघांत लावायला संकोच वाटावा अशी चावट गाणीही होती. १९३० नंतरच्या काही तबकड्यांवर त्यांना ऑस्कर वूड्स या कृष्णवर्णीय वादकाची गिटारीची साथ आहे. काळ्यागोऱ्यांनी एका बाकावर बसू नये अशी रीत असलेल्या त्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हती. ही साथ ध्यानात ठेवा.

१९४० साली त्यांची ‘यू आर माय सनशाइन’ ही तबकडी आली. गाण्याचे हक्क त्यांनी दुसऱ्या एका गवयाकडून विकत घेतलेले होते. गाणे घरोघर पोचले. १९४४ च्या निवडणुकीत डेव्हिस वाद्यवृंद घेऊन गावोगाव हिंडले. भाषण थोडे, गाणी फार! विरोधकांनी त्यांच्या जुन्या चावट तबकड्या सभेत वाजवल्या, तर लोक नाचूच लागले, असे सांगतात. डेव्हिस निवडून आले.

सोळा वर्षांनी, १९६० साली, ते पुन्हा गव्हर्नर झाले. या खेपेस गाणे तेच होते, पण काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत येऊ देणार नाही, असे वचनही त्यांनी दिले होते. अशी वेगळी शाळा घटनेविरुद्ध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिलेला होता. तरी डेव्हिस यांनी विधिमंडळाची खास अधिवेशने बोलावून कायद्यांमागून कायदे केले. न्यायालयाने ते रद्द ठरवले. अखेर १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांच्या चार कृष्णवर्णीय मुली दोन शाळांत गेल्या. त्यांतली रूबी ब्रिजेस आपल्या शाळेत एकटीच होती. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात ती दारातून आत शिरली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने रिकाम्या वर्गात त्या एकट्या मुलीला वर्षभर शिकवले.

वूड्सच्या साथीने गाणारे डेव्हिस आणि रूबीची वाट अडवू पाहणारे डेव्हिस, माणूस एकच. काळ्या माणसाची गिटार शेजारी चालली, त्याचे लेकरू गोऱ्यांच्या बाकावर चालले नाही.

१९७७ साली हे गाणे लुइझियानाचे राज्यगीत झाले. डेव्हिस २००० साली, शंभरी ओलांडून वारले. गाणे गोड आहे, आणि ते गोड म्हणायला हरकत नाही. पण शिक्षकबंधूंनो, ते वर्गात ऐकवाल तेव्हा रूबीची आणि बार्बराबाईंची गोष्टही मुलांना सांगा. मत मागायला कोणी गात आला, तर गाणे ऐकावे आणि मग त्याने काय कबूल केले आहे तेही विचारावे, एवढे मुलांना त्यातून कळेल.