मॉर्गन्युकोडॉन
सस्तन प्राण्यांच्या उगमाशी निगडित असलेला निर्वंश, चिचुंद्रीहून लहान प्राणी. काल : उत्तर ट्रायासिक ते पूर्व जुरासिक, सुमारे २०.५ कोटी वर्षांपूर्वीपासून. वेल्समधील चुनखडकाच्या भेगांत सापडलेल्या जीवाश्मांवरून वॉल्टर क्यूने यांनी १९४९ मध्ये त्याचे वर्णन केले. चीनमध्ये कवट्याही मिळाल्या. खरे महत्त्व जबड्याचे. त्यात सरीसृपांचा जुना सांधा आणि सस्तनांचा नवा सांधा शेजारी शेजारी आढळतात. जुन्या सांध्याची हाडे पुढे मध्यकर्णात गेली व ऐकण्याच्या कामी आली. दात आयुष्यात एकदाच बदलत, म्हणजे पिले आईच्या दुधावर वाढत असावीत. तरीही त्याला ‘सस्तन’ म्हणण्यापेक्षा ‘सस्तनरूपी’ म्हणणे अधिक सयुक्तिक. याच गटातील इंडोझोस्ट्रोडॉनचे जीवाश्म प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा शैलसमूहात सापडले आहेत.