सर्किट बोर्डाची बाह्यरेषा : सुट्या रेषांपासून बंद आकृतीपर्यंत

प्रस्तावना

प्रिंटेड सर्किट बोर्डाला उपकरणाच्या आवरणात बसावे लागते. त्यामुळे बोर्डाचा आकार बहुधा यांत्रिक अभियंता ठरवतो, तर सर्किटची मांडणी इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता करतो. पहिल्याच्या कॅड आराखड्यातील रेषा दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्या, तरी बोर्डाची कड म्हणून त्या स्वीकारल्या जातीलच असे नाही. या अडचणीचे मूळ आरेखनाच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हस्तआरेखनाचा काळ

संगणकापूर्वी पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या लावून आराखडा दुप्पट किंवा चौपट आकारात तयार केला जाई व छायाचित्रणाने मूळ मापात आणला जाई. बोर्डाच्या कोपऱ्यांवर अनेकदा केवळ कोनाकृती खुणा असत. उरलेली कड कारागीर नजरेनेच पूर्ण करी. आराखडा वाचणारा माणूस असल्याने अपुरी रेषा हा दोष ठरत नसे.

रेषेची संगणकीय नोंद

१९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीमधील प्रबंधात 'स्केचपॅड' ही प्रणाली मांडली. तीत एका कोपऱ्यात मिळणाऱ्या रेषा एकाच बिंदूशी बांधलेल्या असत; बिंदू हलवला की त्याही हलत. १९८२ मध्ये ऑटोडेस्कने ऑटोकॅडसोबत आणलेल्या डीएक्सएफ स्वरूपात मात्र साधी रेषा केवळ स्वतःची दोन टोके नोंदवते. शेजारच्या रेषेशी असलेले नाते नोंदवत नाही. कंसाची नोंद केंद्र, त्रिज्या व दोन कोन अशी होते. त्याचे टोक गणिताने काढावे लागते आणि दशांशांच्या पूर्णांकनामुळे ते रेषेच्या टोकापासून किंचित सरकू शकते. बंद बहुरेषेची सोय या स्वरूपात आहे. परंतु ती वापरणे आरेखकाच्या सवयीवर अवलंबून राहते.

जोडणीची प्रक्रिया

सुट्या रेषांतून कड घडवताना सॉफ्टवेअर एका रेषेच्या टोकाजवळ दुसऱ्या रेषेचे टोक शोधते आणि ठरावीक मर्यादेत सापडल्यास दोन्ही जोडते. आरंभबिंदू पुन्हा येईपर्यंत हा क्रम चालतो. सर्वांत बाहेरची बंद आकृती ही बोर्डाची कड ठरते, आतील आकृती कापून काढायचे भाग ठरतात. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा किंवा कोपऱ्यातून फुटलेली तिसरी रेषा हा क्रम बिघडवते. मर्यादा फार लहान ठेवल्यास फट तशीच राहते. ती १ मिमी ठेवल्यास ०.५ मिमीची हेतुपूर्वक काढलेली पायरीही पुसली जाऊ शकते.

ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये आरंभ केलेल्या किकॅडमध्ये कडेसाठी 'एज कट्स' हा स्वतंत्र थर असून, कड बंद नसल्यास नियमतपासणीत त्रुटी दर्शवली जाते. २०१४ च्या गर्बर एक्स-२ स्वरूपात तर ही फाइल बोर्डाची कड आहे, हे फाइलमध्येच नोंदवता येऊ लागले.

निष्कर्ष

कारागिराच्या नजरेचे काम अशा रीतीने क्रमाक्रमाने सॉफ्टवेअरकडे आले. तथापि नजर आकृती पूर्ण करताना तिचा हेतूही पाहत असे; सॉफ्टवेअर केवळ अंतर मोजते. एखादी फट हा आरेखनातील दोष आहे की रचनेचा भाग, याचा निर्णय अंकांवरून होत नाही. म्हणून आपोआप बंद झालेली कड मूळ आराखड्याशी ताडून पाहण्याची जबाबदारी आजही दोन्ही अभियंत्यांचीच राहते.