कीटकांच्या गणनामांचा इतिहास

कीटकांचे गण ठरविताना पंख पाहावेत की तोंड, हा अठराव्या शतकातील कळीचा प्रश्न होता. खाचांनी विभागलेल्या शरीराच्या प्राण्यांना ॲरिस्टॉटल यांनी ‘एंटोमा’ म्हटले. ‘इन्सेक्टा’ हा त्याचाच लॅटिन अनुवाद. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये मुख्यतः पंखांवरून सात गण कल्पिले. त्यांपैकी कोलिऑप्टेरा (म्यानासारखे पंख असलेले, उदा., भुंगेरे) ही संज्ञा मूळची ॲरिस्टॉटल यांची, परंतु या गणात लिनीअस यांनी झुरळे व नाकतोडेही घातले होते. ॲप्टेरा (पंखहीन) हा सातवा गण तर उवा, पिसवा, कोळी, विंचू व खेकडे यांची मोटच होता. एखाद्या लक्षणाचा अभाव हा नात्याचा पुरावा ठरत नाही, त्यामुळे तो पुढे मोडला.

लिनीअस यांचे शिष्य योहान क्रिस्टियन फाब्रिसियस यांनी १७७५ मध्ये मुखांगांवर आधारलेली पद्धती मांडली. मुखांगे आहाराशी निगडित असल्याने ती अधिक नैसर्गिक, असे त्यांचे मत होते. तथापि ती सूक्ष्म असल्याने पाहणे कष्टाचे होते. त्यांची बहुतेक गणनामे मागे पडली, चतुरांच्या गणाचे ‘ओडोनाटा’ (दंतयुक्त, १७९३) हे मात्र टिकले. मराठी परिभाषेतही पंखच वरचढ ठरले. फक्त कोलिऑप्टेरासाठी ‘ढालपंखी’ ही संज्ञा योजताना म्यानाची ढाल झाली.